संकष्टीचं पत्र, विनायकीचं उत्तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या आमच्या बाई आणि मॉरिशसमधली त्यांची मैत्रीण यांची ओळख 2005 सालची. दोघींनी एकमेकींना अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. बाई पासष्टीच्या पुढे, मैत्रीण त्यांच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. दर संकष्टीला खानापुरातून एक ई-मेल जातो आणि दर विनायकीला तिकडून एक येतो. मधल्या पंधरा दिवसांत काही नाही. मेसेज नाही, फोटो नाही, ‘जेवलीस काय’ नाही. ही शिस्त पहिल्यापासून नव्हती. आधी दहा-अकरा वर्षं पत्रव्यवहार चांगला चालला, मग सोय वाढली तसा तो सुकत गेला, एकदा तर तुटायला आला, आणि तिथून दोघींनी तो ठरवून पुन्हा संथ केला. सोय वाढल्यावर ही मैत्री का आटली आणि अडथळा परत आणल्यावर का सावरली, एवढंच मला इथं नीट मांडायचं आहे.

मी बाईंचा विद्यार्थी. चौथीपर्यंत त्यांच्या वर्गात होतो. 2003 मध्ये खानापुरात बाजारपेठेत सायबर कॅफे टाकला. आता त्याच जागेत झेरॉक्स, प्रिंट आणि ऑनलाइन अर्ज भरून देणं चालतं. या पत्रव्यवहाराची यंत्राकडची बाजू सुरुवातीपासून मी सांभाळली, आणि तो बिघडला तोही माझ्याच एका सल्ल्यानं. लिहायच्या आधी दोघींना विचारलं. नावं घालायची नाहीत, ही त्यांची अट. बाईंनी मला पत्रांची फाईल वाचायला दिली, त्यातली काही पत्रं आधी काढून घेऊन. ती मी मागितली नाहीत.

बाईंची नोकरी सगळी खानापूर तालुक्यात, सरकारी मराठी प्राथमिक शाळांत. त्यातली बरीच वर्षं जांबोटी-कणकुंबीकडच्या रानातल्या गावांत गेली. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. तिथला पाऊस ज्यानं बघितलाय त्याला, जून ते सप्टेंबर फोन आणि विजेचा भरवसा का नसतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मैत्रीण वाकोआ शहरातली, सरकारी दवाखान्यात परिचारिका. मॉरिशसला 1834 पासून ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून हिंदुस्थानातून माणसं नेली, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांच्या घरात आज क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, बोलतात. मराठी शाळेत विषय म्हणून शिकता येते, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्याच्या पुढेही शिकता येते, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुटी असते. या मैत्रिणीचं मराठी शाळेतलं आणि आजीच्या गाण्यांतलं. ‘आपले कृपापत्र पावले’ असं त्या सहज लिहायच्या. ‘भाजी चिरली’ लिहायला मात्र शब्दकोश उघडावा लागायचा. मराठी सुटू नये म्हणून त्यांनी एका मराठी मासिकाच्या पत्रमैत्री सदरात आपला पत्ता दिला होता. तो बाईंनी वाचला.

पहिली दोन वर्षं हवाई टपाल. राखीपौर्णिमेला टाकलेलं पत्र कधी गणपतीत पोचायचं, कधी नवरात्रात. त्या काळातली पत्रं वाचताना एक गोष्ट लगेच दिसते. दोघी समोरच्या ऋतूचा अंदाज बांधून लिहायच्या. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळं आपल्या आषाढात तिकडं थंडी आणि आपल्या दिवाळीत तिकडं उन्हाळा चढणीला. बाई लिहितात, ‘हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा इथला चिखल वाळलेला असेल आणि तुझी शाल घडी करून ठेवलेली असेल.’ ऊस मात्र दोन्हीकडं. तिकडं तोड जून-जुलैत सुरू होऊन डिसेंबरापर्यंत चालते, आपल्या जिल्ह्यात ती दिवाळीच्या आसपास सुरू होते. एकीकडचं रान मोकळं व्हायला लागलं की दुसरीकडं कोयते बाहेर निघतात. पहिल्या दोन वर्षांतलं एकही पत्र उसाशिवाय नाही.

2007 मध्ये बाई माझ्या दुकानात आल्या. ‘काय रे, मराठीत ई-मेल जातो काय?’ मी जोरात ‘जातो की’ म्हटलं, आणि तिथून सहा महिने आम्ही झगडलो.

पहिलं पत्र मी डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप करून दिलं. तिकडून रोमन लिपीत उत्तर आलं, ‘ताई, ही कोणती भाषा आहे?’ तेव्हाचे ते फॉन्ट असे होते की इंग्रजी अक्षरांच्या जागी नुसतं देवनागरी वळण बसवलेलं असायचं. समोरच्या मशीनवर तोच फॉन्ट नसला की वळणं गळून पडायची आणि खाली इंग्रजी अक्षरांचा भुसा उरायचा. उपाय युनिकोडचा, म्हणजे ‘क’ला जगभरात ‘क’चाच क्रमांक. पण विंडोज एक्सपीवर त्यासाठी प्रादेशिक भाषांची सोय मुद्दाम चालू करावी लागायची, मूळ सीडी घालावी लागायची आणि मशीन परत चालू करावं लागायचं. तसं केलं नाही तर वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसायची, जोडाक्षरं फुटायची, नाहीतर नुसते चौकोन दिसायचे. मी पायरीपायरीनं रोमन लिपीत लिहून पाठवलं, बाईंच्या मैत्रिणीनं रात्रपाळीहून येऊन आपल्या घरच्या मशीनवर ते करून बघितलं. चौथ्या खेपेला ‘मंगल’ फॉन्टमध्ये अक्षरं उमटली. इकडं मी ‘बरह’ घातलं होतं. मूळ कन्नडसाठी तयार झालेलं हे सॉफ्टवेअर. माझ्याकडं कन्नड अर्ज आणि बाईंची मराठी पत्रं एकाच बरहात टाइप व्हायची.

एक रविवार मला चांगला आठवतो. बाईंनी जांबोटीच्या दऱ्यांचं वर्णन लिहिलं होतं. मी टाइप केलं ते ‘दर्या’ झालं, कारण तो ‘ऱ्या’ कसा उमटवायचा ते मला येत नव्हतं. वेळ संपत आला होता, मी म्हटलं, ‘बाई, समजून घेतील त्या.’ बाई म्हणाल्या, ‘बेटावर राहते ती. दऱ्या लिहिलं तर डोंगर बघेल, दर्या लिहिलं तर समुद्र. ते अक्षर काढ आधी.’ अर्धा तास गेला. अक्षर मिळालं. तासाला 20 रुपये घ्यायचो तेव्हा. त्या अर्ध्या तासाचे मी घेतले नाहीत.

हा प्रसंग सांगण्याचं कारण आहे. ई-मेल काही सेकंदांत पोचतो हे खरं, पण या दोघींचा ई-मेल कधीच काही सेकंदांचा नव्हता. बाई आठवडाभर वहीत लिहायच्या, रविवारी दुकानात येऊन उतरवायच्या. तिकडं शब्दकोश. मध्ये पाऊस, लोडशेडिंग, टेलिफोनची मेलेली लाइन. वाट नवी आली होती, तरी टपालाचा संथपणा या सगळ्यातून परत उभा राहिला होता. महिन्याला एक पत्र, कधी दोन. 2007 ते 2016 हा माझ्या मते या मैत्रीचा सर्वांत भरदार काळ.

त्या काळातलं एक उदाहरण देतो. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. बाईंनी थोड्याच दिवसांत तिकडं एक पार्सल पाठवलं होतं. मैत्रिणीनं विचारलं, ‘पार्सलवर बेळगावी आहे आणि तुमच्या पत्रात बेळगाव. ही दोन गावं आहेत का?’ प्रश्न साधा होता. बाईंनी उत्तराला तीन पत्रं घेतली. पहिल्यात 1956 ची राज्यपुनर्रचना आणि त्यांच्या वडिलांनी बघितलेले मोर्चे. दुसऱ्यात 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमाप्रश्नाचा दावा, आणि शेतीचा उतारा कन्नडमध्ये आला की आजीला तो कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागायचा, ते. हे दुसरं पत्र त्यांनी लिहून वीस दिवस ठेवलं होतं. मग तिसरं लिहिलं: आपण कर्नाटक सरकारचा पगार घेऊन मराठी शिकवतो, शेजारच्या कन्नड बाई आपल्या आजारपणात पंधरा दिवस भाकरी देत होत्या, आणि हे सगळं एकाच घरात, एकाच मनात असतं, त्यामुळं ‘दोन गावं आहेत का’ याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही. तिकडून आलेलं पत्रही तसंच तोलाचं. आपल्या पणजोबांचं आडनाव बोटीवरून उतरताना कारकुनानं ऐकू आलं तसं लिहिलं, घराण्यानं तेच पुढं चालवलं, आणि खरं आडनाव काय असावं याबद्दल आज घरात तीन मतं आहेत, असं त्यात आहे. सीमाभागावर मी पुष्कळ वाचलंय, सभांतून ऐकलंय. या पाच पत्रांइतकं शांतपणे कुणी समजावून दिलेलं आठवत नाही. याचं श्रेय मी त्या वीस दिवसांना देतो.

आता माझ्या सल्ल्याकडं येतो. 2016 च्या शेवटाला मोबाईलचा डेटा एकदम स्वस्त झाला. बाईंच्या मुलानं त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. मी हौसेनं त्यात मेसेजचं अ‍ॅप टाकलं, मैत्रिणीचा नंबर घातला आणि म्हटलं, ‘बाई, आता दुकानात यायची गरजच नाही. घरबसल्या रोज बोला.’ मला वाटलं, मी त्यांच्यासाठी केवढी मोठी गोष्ट केली.

पहिले दोन महिने आनंदाचे गेले. फुलांचे फोटो, गणपतीचे फोटो, नातवाचे फोटो. घड्याळात फरक फक्त दीड तासाचा. इथं रात्रीचे नऊ तेव्हा तिकडं साडेसात, म्हणजे दोघी एकाच वेळी मोकळ्या. पण या महिन्यांतलं संभाषण मी बाईंच्या परवानगीनं वरपासून खालपर्यंत वाचलं, तेव्हा उतार स्पष्ट दिसला. आधी चार-चार ओळी. मग एकेक ओळ. मग ‘शुभ सकाळ’ची आयती चित्रं. उसाचा विषय गेला, आजीची गाणी गेली. काही सांगण्यासारखं घडलं की ते लगेच अर्ध्या ओळीत सांगून संपायचं, आणि संपल्यामुळं पत्रात लिहायला उरायचं नाही. 2017 च्या पहिल्या सहा महिन्यांत एकीनंही ई-मेल लिहिलेला नाही. दोघींना ते जाणवलंही नव्हतं, कारण रोज बोलणं चालू होतं.

जून 2017 मध्ये सरांचं, म्हणजे बाईंच्या यजमानांचं, बेळगावात हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यातून बाईंनी मैत्रिणीला लिहिलं. पाच मिनिटांत दोन निळ्या खुणा आल्या. वाचल्याची पावती. उत्तर मात्र आलं नाही, त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ‘ऑनलाइन’ दोनदा दिसलं. तिसऱ्या दिवशी, ‘क्षमा करा ताई, दवाखान्यात गडबड होती. सर कसे आहेत?’

तिची सलग रात्रपाळी होती. वॉर्डात उभ्या-उभ्या तिनं तो मेसेज उघडला, एवढं मोठं दुःख दोन शब्दांत उरकायला नको म्हणून घरी जाऊन नीट लिहायचं ठरवलं, आणि घरी गेल्यावर झोपेनं गाठलं. हे सगळं नंतर कळलं. बाईंच्या हातात तेव्हा फक्त दोन निळ्या रेघा होत्या. त्यांनी मला दाखवल्या आणि म्हणाल्या, ‘बघून गप्प बसली रे.’ त्यानंतर चार महिने दोघींमध्ये सणाच्या चित्रांपलीकडं काही गेलं-आलं नाही.

या जागेवर मी पुष्कळ विचार केला. टपालाच्या काळात याच दोघी कित्येक आठवडे उत्तराविना राहिल्या होत्या आणि त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. इथं दोन दिवसांनी मन मोडलं. माझं निरीक्षण असं की, माणूस उत्तराला लागलेले दिवस मोजत नाही, उत्तर कधी यायला हवं होतं तिथून पुढचे दिवस मोजतो. टपालात ती वेळ टपालाच्या हातात होती, त्यामुळं उशिराचा बोल टपालाला लागायचा. मेसेजमध्ये वेळ माणसाच्या हातात आली, आणि वाचल्याची खूण दिसू लागल्यावर उशिराला दुसरं कुठलं कारण उरलंच नाही. ई-मेलमध्ये ही खूण आपोआप दिसत नाही. समोरची व्यक्ती आत्ता बसलेली आहे की नाही तेही दिसत नाही. 1971 मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठवलं तेव्हापासून ई-मेलची मूळ रचना पेटीत पत्र टाकून जाण्याची आहे. कुणी किती वाजता पेटी उघडली, हे टाकणाऱ्याला कळत नाही. त्या न कळण्यानं या दोघींना नऊ वर्षं सांभाळलं होतं आणि मी ते काढून टाकलं होतं.

तुटलेलं जोडलं ते मैत्रिणीनं. ऑक्टोबर 2017 मध्ये तिनं ई-मेल लिहिला, तोही जुन्या थाटात, ‘प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.’ ऑपरेशनच्या रात्री आपण वॉर्डात काय करत होतो ते सगळं त्यात होतं. आणि शेवटी, ‘मला वाटते आपण फार जवळ बसलो आहोत. थोडे लांब बसूया, म्हणजे एकमेकींचे तोंड दिसेल.’

पुढच्या तीन पत्रांत दोघींनी नियम ठरवले. महिन्याला एक असं नुसतं म्हटलं तर ते निसटतं, हे दोघींना माहीत होतं. दिवस असा हवा होता जो दोघींच्या घरात आपणहून येतो. संकष्टी दोघी करायच्या. म्हणून संकष्टी बाईंची, विनायकी तिची. एकीच्या पत्राला दुसरीला साधारण पंधरा दिवस. अधिक महिना आला की दोघींना एकेक पत्र जास्त. मेसेजचा नंबर ठेवायचा नाही. मरण, जिवावरचं दुखणं किंवा वादळ असेल तर सरळ फोन करायचा. आणि समोरून पत्र आलं नाही तरी आपला दिवस चुकवायचा नाही. हा शेवटचा नियम तिनं घातला.

पाठवण्याची रीत बाईंची. चंद्रोदय झाला, नैवेद्य दाखवला की आधी पत्र पाठवायचं आणि मग उपास सोडायचा. पावसाळ्यात चंद्र दिसत नाही, तेव्हा पंचांगातली वेळ. 2019 च्या एप्रिलमध्ये जीमेलवर पत्र आधी लिहून ठरावीक वेळेला पाठवायची सोय आली. मी दाखवली, पावसात लाइन गेली तर उपयोगी म्हणून. बाईंनी ती फक्त पावसाळ्यापुरती घेतली.

त्याच वर्षी पद्धतीची पहिली परीक्षा झाली. ऑगस्ट 2019 च्या पहिल्या पंधरवड्यात बेळगाव जिल्ह्यात महापूर आला. मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा, कृष्णा सगळ्याच फुगल्या. बाईंच्या गल्लीत वीज नव्हती, नेट नव्हतं. 4 ऑगस्टला विनायकी होती. तिचं पत्र त्या दिवशी आलं आणि बाईंना ते वाचायला मिळालं 13 तारखेला, माझ्या दुकानात जनरेटरवर. संकष्टी 19 ला होती. म्हणजे नऊ दिवस अंधारात गेले तरी उत्तराला अजून सहा दिवस शिल्लक होते. तिकडं पुराची बातमी पोचली होती का, तिनं काळजी केली का? केली. पण ‘उत्तर का नाही’ हा प्रश्न तिला पडला नाही, कारण उत्तराचा दिवसच उजाडला नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या व्हरांड्यातल्या दोन दिवसांशेजारी हे नऊ दिवस ठेवून बघावेत.

दुसरी परीक्षा तिकडची. 25 जुलै 2020 ला ‘वाकाशिओ’ नावाचं जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळाच्या खडकांवर रुतलं आणि 6 ऑगस्टला त्यातलं तेल समुद्रात येऊ लागलं. सुमारे 1,000 टन सांडलं. तिचं पत्र 24 जुलैच्या विनायकीला आलेलं, जहाज रुतायच्या आदल्या दिवशी. 7 ऑगस्टच्या संकष्टीला बाईंनी पत्र पाठवलं तेव्हा तेलाची बातमी त्यांच्या कानावर नव्हती. त्या पत्रात भाताची लावणी आणि कोरोनामुळं बंद पडलेल्या शाळा आहेत. दोन दिवसांनी टीव्हीवर काळा समुद्र बघून त्या माझ्याकडं आल्या. ‘फोन लावू काय रे?’ मग स्वतःच नकाशा काढायला लावला. वाकोआ बेटाच्या मधल्या पठारावर, किनाऱ्यापासून आत. जिवाचं भय नाही. ‘राहू दे. गणपतीला येईल पत्र.’

22 ऑगस्टला गणेश चतुर्थी, भाद्रपदातली विनायकी. पत्र आलं, छापून काढलं तर सहा पानं. तिची धाकटी बहीण त्याच किनाऱ्याला माएबूरजवळ राहते. ही ड्यूटी संपवून तिकडं गेली होती. तेल अडवायला माणसांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाची वाळलेली पानं ठासून भरली, तोंडं शिवली आणि एकापुढं एक बांधून पाण्यात सोडल्या. केस कापून देणारेही होते. तिनं लिहिलंय की शिवताना सुई तेलकट बोटांतून सटकायची, म्हणून बहिणीच्या सासूनं अंगठ्याला चिंधी गुंडाळून दिली. वास तीन अंघोळींनी गेला नाही. आणि पिशवी भरताना उसाची पानं हातांना कापतात, तेव्हा पणजोबांच्या हातांची आठवण आली, जे हात तिनं कधी पाहिले नव्हते. मग एक प्रश्न: ‘या वाळलेल्या पानांना आजी काहीतरी म्हणायची. मला शब्द आठवत नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?’

बाईंनी पुढच्या संकष्टीच्या पत्रात पहिल्या ओळीत लिहिलं, ‘पाचट.’ आणि खाली, ‘आमच्याकडं तोड झाली की पाचट शेतातच जाळतात. तुम्ही त्यानं समुद्र पुसलात.’

विनायकीला उत्तर आलं. आजीचा शब्द हाच होता.

हीच बातमी मेसेजवर आली असती तर बाईंना 7 ऑगस्टलाच वीस फोटो मिळाले असते. काळजी दोन आठवडे आधी मिटली असती, हा फायदा मी नाकारत नाही. पण अंगठ्याची चिंधी आली नसती, आणि तो शब्द विचारायला ती बसली नसती. तेल येतंय त्या दिवशी कुणी शब्द विचारत नाही.

या पद्धतीला न पेलणारी गोष्टही घडली. मे 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, सर गेले. नियमाप्रमाणं बाईंच्या मुलानं तिकडं फोनवर कळवलं आणि तासाभरात तिचा फोन आला. मी घरात होतो. बाईंनी फोन कानाला लावला, ‘आलीस गं’ एवढंच म्हणाल्या, आणि पुढं चार-पाच मिनिटं दोन्हीकडून काही बोलणं झालं नाही. फोन तसाच चालू होता. असल्या वेळी पत्राचा उपयोग नाही, हे दोघींनी आधीच ओळखून ठेवलं होतं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. संथपणाचा हट्ट धरणारी माणसं बहुधा इथं चुकतात.

त्यानंतर बाईंनी तीन संकष्ट्या चुकवल्या. एवढ्या वर्षांत तेवढ्याच. तिची तिन्ही विनायक्यांना पत्रं आली, ‘उत्तर नको’ असं वर लिहून. बाईंनी बाजूला काढलेली पत्रं ती हीच असावीत. चौथ्या संकष्टीला रात्री बाई दुकानात आल्या, त्यांच्या घरचा संगणक सरांनंतर कुणी लावला नव्हता. मी शटर अर्धं ओढून बाहेर थांबलो.

माझ्या दुकानात येणाऱ्या पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, दोन मुलींनी हे बघून परदेशी पत्रमैत्री करायचं घेतलं. ‘स्लोली’ नावाचं अ‍ॅप त्यांनी शोधलं, त्यात पत्राला अंतराप्रमाणं तास लागतात आणि गोळा करायला तिकिटं मिळतात. एकीची मैत्री दीड वर्ष टिकून आहे, दुसरीची महिन्याभरात संपली. बाईंनाही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आम्हाला पंचांग आहे. दोन्हींत फरक असा दिसतो की अ‍ॅपमधला उशीर यंत्र लावतं, फक्त वाटेवर लावतं, आणि पत्र हातात आल्यावर उत्तर कधी द्यायचं याचा करार कुणी कुणाशी केलेला नसतो. जिची मैत्री टिकली त्या मुलीनं समोरच्या मुलीशी रविवार ठरवून घेतला आहे.

वहीबद्दल सांगायचं राहिलं. बाई रोज रात्री वहीत एखादी ओळ टिपतात: भाव, पाऊस, गव्यांनी कुणाचं भात तुडवलं, नात काय म्हणाली. संकष्टीच्या दुपारी ती वही घेऊन बसतात आणि खोडायला लागतात. पंधरा दिवसांपूर्वी राग आलेल्या ओळी बहुतेक जातात. मी एका महिन्याचं पान बघितलं, सव्वीस ओळींतल्या आठ राहिल्या होत्या. पत्र त्या आठांचं. मेसेजच्या महिन्यांत सव्वीसच्या सव्वीस गेल्या असत्या, घडल्या त्या क्षणी, न खोडता.

गेल्या वर्षी बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. महिनाभर पडद्याकडं बघायचं नव्हतं. नातीनं फोनवर बोलून टाइप करायची सोय लावून दिली. बाई बोलल्या, अक्षरं उमटली, नातीनं चुका दुरुस्त केल्या, पत्र संकष्टीला वेळेवर गेलं. पत्र नेहमीच्या दुप्पट होतं आणि मजकूर चांगला होता, मी वाचलाय. बोलून लिहिलंय, हे त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं.

विनायकीला उत्तर आलं. तिसऱ्या ओळीत, ‘ताई, हे पत्र तुम्ही बोललात, लिहिले नाही. हाताला काही झाले आहे का?’

बाईंनी ते दोनदा वाचलं. मला म्हणाल्या, ‘डोळ्याचं कळवलं नव्हतं तिला मी. ऑपरेशन लहान, फोनच्या नियमात बसत नव्हतं.’ मग पिशवीतून वही काढली, चष्मा बदलला आणि पेन मागितलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या महिन्यातले अजून नऊ दिवस राहिले होते. ‘संकष्टी कधी आहे बघ की,’ म्हणाल्या. मी कॅलेंडर बघितलं. पंधरा दिवसांनी होती.

‘मग बसतंय,’ म्हणाल्या, आणि वही मिटून परत पिशवीत ठेवली.